पाहुण्याचं नाक

छत्रपती संभाजीनगरला जाऊन वेरूळ न पाहता परत आलेली माणसं फार नसावीत. आमच्या कुटुंबात दोन आहेत. एक मी आणि दुसरे माझे दीर, बापू भावोजी. परत आल्यावर मी शेजारणींना फोटो दाखवायला बसले, तेव्हा त्यांनी चार-पाच फोटो सोसले आणि मग अगदी हळू आवाजात विचारलं, "आणि लेणी?" मी म्हटलं, लेणी राहिली. कचरा मात्र पोटभर पाहिला.

मुळापासून सांगते. आमचं गाव दापोलीकडचं, खाडीकाठचं. बाजारातली मासळीची डोकी, भाजीचा पाला आणि हंगामात आमरसाच्या कारखान्यातून निघणारी सालं नि बाठे, या सगळ्याचं खत करायची एक शेड आमच्या महिला गटानं उभी केली. तिथं सुगंधा आणि तिची जाऊ काम करतात. नाव सुगंधा आणि काम असलं, यावर गावात सगळे विनोद करून झालेले आहेत, तेव्हा तुम्ही नवा शोधू नका. त्या दोघी पूर्वी हंगामभर परगावच्या बागांतून कामाला जायच्या आणि पोरं कुणाच्या तरी भरवशावर टाकायच्या. शेड झाल्यापासून घरी असतात.

शेडच्या आणि बापू भावोजींच्या पडवीच्या मध्ये एक फणस आहे, बाकी काही नाही. भावोजी एसटीतून निवृत्त झालेले, जाऊबाई वारल्यापासून घरात एकटे. लेक प्राची लग्न होऊन रत्नागिरीला. गेल्या पावसाळ्यापासून त्यांनी एकच धोशा लावला होता. वास येतो, शेड हलवा. हलवायला दुसरी जागा नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. म्हणजे बंदच करा. ग्रामसभा तोंडावर आली होती आणि भावोजी उभे राहून बोलले की आमच्या गावात दुसरं कुणी बोलत नाही.

वास येत होता का? पावसाळ्यात येत होता, खोटं कशाला बोलू. आता येतो की नाही हे मात्र मला सांगता येईना, कारण मी रोज तिथंच असते.

एका प्रशिक्षणात मला पडेगावच्या मंगलताई साळवे भेटल्या होत्या. त्यांचा गट शहरातला आणि वाळूजच्या कारखान्यांच्या मेसमधला ओला कचरा उचलून खत करतो. "या की एकदा, आमचे ढीग बगा," असं त्या म्हणाल्या होत्या. मी भावोजींना म्हटलं, "चला माझ्याबरोबर. तिथल्या ढिगापाशी उभे राहा. तिथंही वास आला तर मी स्वतः शेडला कुलूप घालते. नाही आला, तर त्यांची पद्धत आपण उचलायची आणि ग्रामसभेत तुम्ही गप्प बसायचं."

भावोजींनी एकदा फणसाकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं. पण खिडकीची सीट माझी."

शहर

पुण्याहून पुढची बस वातानुकूलित होती. खिडकीची सीट भावोजींना आणि गार वाऱ्याचा झोत मला, अशी वाटणी झाली. उतरले तेव्हा माझं नाक असं चोंदलेलं की तोंडानं श्वास घेत होते. एका नाकाची परीक्षा घ्यायला निघालेल्या बाईनं स्वतःचं नाक वाटेतच घालवावं, याला काय म्हणणार!

आम्ही कोकणातली माणसं. आम्हाला डोंगर म्हटला की हिरवा आणि हवा म्हटली की ओली. इथं दिवाळी होऊन गेली तरी ऊन खडखडीत, हवा कोरडी, ओठ लगेच फुटतात. धुतलेला रुमाल आमच्याकडे दुसऱ्या दिवशीही दमट लागतो, तो इथं खोलीच्या खिडकीत चहा होईपर्यंत वाळला. मला त्या रुमालाचंच फार कौतुक वाटलं.

संध्याकाळी नान-खलिया खायला गेलो. भला मोठा, पिवळसर, मऊ नान आणि लालभडक तर्री आलेलं मटण. शेजारच्या टेबलावरच्या एका चाचांनी आम्ही नवखे आहोत हे ओळखून नान कसा तोडायचा आणि कुठवर बुडवायचा हे न विचारता दाखवलं. आमच्याकडे पाहुणा जेवताना लोक त्याच्या पानाकडे बघत नाहीत असं दाखवतात. इथं उघड बघतात आणि कमी खाल्लं तर रागावतात. मला ते आवडलं.

भावोजींनी पहिला घास घेतला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. "कसं आहे?"

"माझं नाक बंद आहे हो. मला नुसतं तिखट कळतंय."

"हं," ते म्हणाले. "मलाही तिखटच वाटलं." आणि त्यांनी मीठ मागितलं. थोड्या वेळानं पुन्हा मागितलं. चाचांनी कपाळाला हात लावला.

पडेगाव

सकाळी दौलताबादच्या रस्त्यानं पडेगावला निघालो. या रस्त्याला दोन परकी माणसं रिक्षात बसली की ती कुठं जाणार हे रिक्षावाल्याला न सांगता कळतं. मी म्हटलं, खताच्या शेडवर. त्यानं आरशातून बघितलं.

"किला नै देखना, भाबी?"

"नाही."

"लेनी?"

"नाही. कचरा बघायचाय."

आम्ही उतरताना तो म्हणाला, "देखो, जिसकी जैसी पसंद," आणि परतीला येऊ का, हेही न विचारता निघून गेला.

मंगलताई फाटकातच उभ्या होत्या. धिप्पाड बाई, डोक्याला रुमाल, पायात गमबूट. भावोजींना त्यांनी "जय भीम, काका" म्हणून हात जोडले आणि मला सरळ मिठीच मारली. मागं शबानाबी होत्या, त्या सगळ्यांच्या चहाच्या मालकीण. आमच्याकडे पाहुण्याला आधी गूळपाणी देतात. इथं आधी चहा, मग विचारपूस, मग पुन्हा चहा.

पत्र्याच्या लांबलचक छपराखाली ढीग होते आणि प्रत्येक ढिगाला नाव होतं. शहरातल्या भाजीबाजाराचा तो 'मंडई'. वाळूजच्या कारखान्यांतल्या जेवणाचा तो 'मेस'. आणि मंगल कार्यालयांतून आलेला तो 'लगीन'. "लगीन लई तापतंय बगा," मंगलताई म्हणाल्या. "तेल, तूप, गोडधोड. त्याच्यात हात घाला, चटका बसतो का नाय." शबानाबींनी त्या लगीनच्या पोटात पाण्याचा डबा पुरून ठेवला होता. दुपारी हातपाय धुवायला गरम पाणी त्यातूनच निघतं.

मला सगळ्यात गंमत वाटली ती पुढच्या रिवाजाची. मेसचा एक ढीग मुरून तयार झाल्यासारखा दिसत होता. तो पोत्यांत भरायचा की अजून खालवर करायचा, हे ठरायचं होतं. मंगलताईंनी वरची मूठभर माती घेतली, दाबली, उघडली, मान डोलावली. मग भावोजींकडे वळून म्हणाल्या, "काका, या जरा. उभं राहा हितं. वास येतो का सांगा."

"मी?"

"आमची नाकं मेली हो. आठ दिवसांत मरत्यात इथं. नवी बाई आली का पहिल्यांदा उलटी करती, मंग नाक मुरडती, मंग डबा खाती ढिगाशेजारी बसून. म्हून आमच्यात पाव्हन्याला विचारायचं. पाव्हना म्हनला येतो, तं ढीग पुन्हा चाळवायचा. पाव्हना म्हनला नाय, तं भरायचा."

"हौ ना," शबानाबी म्हणाल्या. "बाहर की नाक सच्ची रहती. परसों लाइट बिल वाला आया, उसको भी खडा किये थे. भाग गया."

माझा ऊर भरून आला. एवढ्या लांब मी भावोजींचं नाक आणलं ते त्याची खात्री पटवायला, आणि इथं त्याला आपसूक न्यायाधीशाची खुर्ची मिळाली. माझं स्वतःचं नाक रुमालात होतं, नाहीतर मीही हुंगून बघितलं असतं.

भावोजी ढिगापाशी गेले. वाकले. डोळे मिटून मोठा श्वास घेतला, अत्तराचा फाया हुंगताना घेतात तसा. मग डोळे उघडून त्यांनी आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून बघितलं. सगळ्या बाया शांत. मी शांत.

"अजिबात नाही," भावोजी म्हणाले. "जंगलातल्या मातीसारखं आहे."

बायांनी टाळ्या वाजवल्या. मी तर मनातल्या मनात ग्रामसभा जिंकून बसले. दुपारपर्यंत मेसचा ढीग पोत्यांत भरला गेला. दुसऱ्या दिवशी पिशोरहून काशिनाथराव नावाचे शेतकरी ती पोती न्यायला येणार होते. त्यांचं अद्रकाचं शेत. आपण ज्याला आलं म्हणतो ते अद्रक. काशिनाथराव गटाचे पहिले गिऱ्हाईक, पिशोरकडच्या इतरांना त्यांनीच लावून दिलेलं. त्यांचा विश्वास म्हणजे सगळ्या तालुक्याचा, असं मंगलताईंनी मला दोनदा सांगितलं.

वाळूज

दुसऱ्या दिवशी सकाळी गटाच्या टेम्पोबरोबर आम्ही वाळूजला मेसचा कचरा आणायला गेलो. पाळी सुटण्याची वेळ होती. रस्ताभर मोटारसायकली आणि कंपन्यांच्या बसगाड्या, बसमधली माणसं खिडकीला डोकं टेकून झोपलेली. भावोजींच्या अंगातला एसटीवाला जागा झाला. कुठल्या बसचा क्लच गेलाय हे ते आवाजावरून सांगत सुटले.

मला वाटत होतं कारखान्याचा कचरा म्हणजे काळं पाणी आणि धूर. पण तिथं प्रत्येक गोष्टीची वाट बघणारं कुणीतरी आहे. लोखंड कापताना निघणाऱ्या कुरळ्या पट्ट्या ट्रकमध्ये भरून पुन्हा भट्टीत वितळायला जातात. परदेशातून यंत्रांचे भाग ज्या लाकडी खोक्यांतून येतात, ती खोकी उचकटून एका गल्लीत त्यांच्या खाटा, पाट आणि दुकानांच्या मांडण्या बनवतात. भावोजींनी एका खाटेवर आडवं पडून बघितलं. तिच्या पायथ्याशी परदेशी अक्षरात काहीतरी छापलेलं तसंच होतं, बाण वरच्या दिशेला काढलेला. या गल्लीतला भुसा मंगलताई ढिगांत घालायला नेतात. रंगाचा गाळ आणि तेलकट चिंध्या मात्र बंद पिंपांत, वेगळ्या गाडीतून, वेगळ्या ठिकाणी. "त्याला आपन हात बी लावत नसतो," टेम्पोवाली बाई म्हणाली. "ते खत नाय, ते जहर हाय."

परतल्यावर शबानाबींनी माझ्या सर्दीवर आल्याचा काढा पाजला. मिरी, गूळ आणि आणखी काय होतं देव जाणे. डोळ्यांतून पाणी आलं आणि एक नाकपुडी फट्दिशी मोकळी झाली. पहिला वास आला तो काढ्याचा. दुसरा वास आला आणि मी इकडे तिकडे बघायला लागले.

तेवढ्यात काशिनाथराव आले. पांढरी टोपी, उन्हात रापलेला चेहरा, घाईत बोलणारा माणूस. त्यांनी गाडी लावली, एक पोतं सोडलं, आत हात घातला आणि हात झटकन बाहेर काढला.

"मंगलबाई, ह्यो वास कशाचा?"

मंगलताई हसत होत्या त्या थांबल्या.

"ह्ये कच्चं हाय. माझ्या अद्रकाला घातलं तं गड्डे सडतील. साऱ्या पिशोरला काय सांगू मी?"

"आवो, पाव्हन्यानं वास घेतला की," मंगलताई म्हणाल्या. "कोकनातले हायेत. लई मोठं नाक हाय म्हनले त्यांचं."

सगळ्यांनी भावोजींकडे बघितलं. आणि भावोजींनी माझ्याकडे. मी नाकाला पदर लावून उभी होते, तो काढायचं मला सुचलंच नाही. माझ्या तोंडाकडे बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. तेव्हा मला एकदम दिसलं की हा माणूस परवापासून दर वेळी आधी माझ्या तोंडाकडे बघतोय आणि मगच बोलतोय.

"मला वास येत नाही," भावोजी म्हणाले.

"ते कालच सांगितलंत की," मंगलताई म्हणाल्या.

"तसं नाही. कशाचाच येत नाही. कोरोनातून उठलो तेव्हापासून. गेला तो आलाच नाही."

मला आधी रागच आला. मग इतक्या महिन्यांची ती शेडची तक्रार? मी विचारलंच, तिथं सगळ्यांसमोर. "मग शेडचा वास येतो असं कशावरून म्हणत होता, भावोजी?"

ते पोत्यावर बसले. "प्राची आली होती ना मेमध्ये, छोटीला घेऊन. रत्नागिरीहून. दारात पाऊल टाकलं आणि म्हणाली, बाबा, इथं कसला वास येतो? दोन दिवसांत परत गेली. मग गणपतीला आली नाही, दिवाळीला आली नाही. मला कळेना वास कसला. घरात नवीन काय होतं? शेजारची शेड. म्हटलं, तीच असणार. आता विचारू कुणाला? आपल्या घराला वास येतो का हे आपल्याला कळत नाही, हे कुणाला सांगायचं वहिनी?"

माझा राग तिथंच विरला. एकटा माणूस, पोर दारातून परत गेलेली, आणि कारण त्याच्या नाकासमोर असून त्याला सापडेना. मला फार वाईट वाटलं.

शबानाबी त्यांच्या शेजारच्या पोत्यावर जाऊन बसल्या. "भाईजान," त्या म्हणाल्या, "हमारी भी तो मर गई. इत्ता क्या रोना?"

बाया फिसकन हसल्या. भावोजीसुद्धा. काशिनाथराव तेवढे हसले नाहीत, कारण त्यांची गाडी रिकामी होती. मंगलताई म्हणाल्या, "चूक आमची बी हाय, भाऊ. म्या वरची मूठ दाबली. मधात हात घालायला पायजे व्हता. पाव्हन्याच्या जिवावर ऱ्हायले." आणि त्यांनी मंडईच्या ढिगाकडे बोट केलं. "तुमीच घाला तिथं हात. तुमचं नाक, तुमचा हात. पटलं तं न्या."

काशिनाथरावांनी कोपरापर्यंत हात घातला, मधली मूठ काढली, नाकाला लावली. मग टोपी मागं सरकवली आणि गाडी ढिगाला लावायला गेले. जाता जाता म्हणाले, "पुढल्या खेपेला मीच येतो वास घ्यायला. कोकनापर्यंत जाऊ नका."

आम्ही बाकीचे मेसची पोती रिकामी करून पुन्हा ढीग लावायला बसलो. भावोजींनी बाह्या वर केल्या. मंगलताईंनी त्यांना मूठ शिकवली. ढिगाच्या पोटातून घ्यायची, घट्ट दाबायची. बोटांतून पाणी गळलं की ओलं, भुसा घाला. उघडल्यावर भुगा होऊन सांडलं की कोरडं, पाणी मारा. लाडू राहिला आणि बोट लावल्यावर मोडला, तर ठीक. भावोजींच्या पहिल्या मुठीतून पाणी गळलं. त्यांनी ते पाणी गळताना असं बघितलं की मला क्षणभर मुंजीच्या फोटोतला त्यांचा चेहरा आठवला.

"म्हणजे नाकाशिवाय कळतं," ते म्हणाले.

मला तेव्हाच आमच्या शेडचीही चूक कळली. आमचं माहितीपत्रक अशाच कोरड्या मुलखातलं, त्यात लिहिलेलं की रोज पाणी मारा. आम्ही कोकणातल्या मुसळधार पावसात इमानेइतबारे ढिगावर रोज पाणी मारत होतो! मंगलताईंना हे सांगितलं तर त्या हसता हसता खालीच बसल्या.

दुपारी ज्वारीची भाकरी, ठेचा आणि शबानाबींच्या घरून आलेली खिचडी, सगळं ढिगापाशी बसून खाल्लं. एव्हाना माझ्या दोन्ही नाकपुड्या मोकळ्या झाल्या होत्या. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही.

घर

एसटी स्टँडवरून रिक्षानं घरी आलो. मी माझ्या दाराकडे वळले, तर भावोजींनी हाक मारली. "वहिनी, सर्दी गेली, चार दिवस बाहेरही होतात. आता तुमचं नाक चालतंय ना? आत या जरा. उभ्या राहा आणि सांगा."

"भावोजी, आत्ताच दमून आलोय..."

"पाहुण्याचं नाक पायजे," ते म्हणाले. मंगलताईंच्याच सुरात.

मी पडवी ओलांडून आत गेले. श्वास घेतला. खोटं बोलावं असं फार वाटलं. पण त्यांनी या वेळी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. मुद्दाम भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"येतो," मी म्हटलं.

"शेडचा?"

"नाही. आतला."

मी नाकाच्या मागोमाग गेले. स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली, अगदी कोपऱ्यात, जाऊबाईंच्या काळचा सुकटीचा डबा होता. त्याला ओल लागून आतलं कधीच सडलं होतं. बाहेर जाऊन बघितलं तर फणसाखाली ओल्या पाल्याचाच वास, शेडचा काही नाही. भावोजी तो डबा हातात घेऊन तसेच उभे राहिले. "ती असताना उन्हात काढायची दर महिन्याला," ते म्हणाले. मग स्वतः तो शेडमध्ये घेऊन गेले आणि सुगंधाला म्हणाले, "हे कुठल्या ढिगात घालायचं?"

ग्रामसभेत ते उभे राहिले तेव्हा नेहमीसारखी सभा गप्प झाली. आपलं नाक गेलंय हे त्यांनी सगळ्या गावासमोर सांगितलं. वास आपल्याच घरातला होता, हेही सांगितलं. शेड राहिली. आता रोज सकाळी ते ढिगाच्या पोटात हात घालून मूठ दाबतात आणि सुगंधाला हुकूम सोडतात. ती म्हणते, भावोजी वासावरून भांडायचे तेच बरे होते.

गेल्या रविवारी प्राची आली. मीच फोन केला होता, काही न सांगता, नुसतं ये म्हटलं. छोटी धावत आत गेली, प्राची दारात थांबली. भावोजी सकाळपासून राबत होते, अंगण झाडलेलं, स्वयंपाक स्वतः केलेला. ते तिच्यापुढे गेले, हात मागं बांधले आणि पडेगावच्या ढिगापाशी विचारतात तसंच विचारलं, "वास येतो का?"

प्राचीनं श्वास घेतला. तिच्या कपाळाला आठी पडली. भावोजींनी ती आठी बघितली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"येतो की," ती म्हणाली. "बाबा, पळा! भात करपतोय तुमचा!"

भावोजी पळाले. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला, आणि मग त्यांचा मोठ्यानं हसण्याचा. कितीतरी महिन्यांनी ऐकला.

प्राचीनं चपला काढल्या आणि आत गेली.